जुन्या लष्करी जीपला होडी बनवून अख्खं जग फिरला, तो बेन कार्लिन नेमका होता तरी कोण?

पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की आपण गाडी बाजूला लावतो आणि पाणी ओसरायची वाट बघतो. पाणी इंजिनात गेलं तर खर्च किती येतो, हे ज्याची गाडी एकदा बुडाली त्याला विचारायची गरज नाही.

आता कल्पना करा, एक माणूस लष्करातून निकामी झालेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप लिलावात विकत घेतो, तिच्यावर पत्र्याची केबिन चढवतो, पोटाखाली पेट्रोलची टाकी बसवतो आणि ती घेऊन थेट अटलांटिक महासागरात उतरतो. एकदा नाही, अनेकदा. दरवेळी काहीतरी मोडतं, तो परत येतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा निघतो. शेवटी तो अटलांटिक पार करतो. तेवढ्यावर न थांबता आफ्रिका, युरोप, आशिया, मग प्रशांत महासागर आणि पुन्हा अमेरिका, असं करत पृथ्वीची फेरी पूर्ण करतो.

जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या गाडीतून जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्याच्यानंतर हे कुणी केल्याची नोंद नाही. त्याचं नाव फ्रेडरिक बेंजामिन कार्लिन, म्हणजेच बेन कार्लिन. माणूस ऑस्ट्रेलियाचा, पण हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते आपल्या भारतात.

खाणीतला इंजिनिअर, लष्करातला मेजर

बेनचा जन्म २७ जुलै १९१२ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दम गावचा. शाळा पर्थ शहरातली, गिल्डफर्ड ग्रामर स्कूल. पुढे त्यानं कॅलगुर्लीच्या स्कूल ऑफ माइन्समधून खाणकामाचं इंजिनिअरिंग केलं. कॅलगुर्ली म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींचा पट्टा. शिक्षण झाल्यावर त्यानं त्याच भागात काम केलं. १९३९ साली तो चीनला गेला आणि तिथल्या एका ब्रिटिश कोळसा खाणीत नोकरीला लागला.

खाणीतला इंजिनिअर म्हणजे जे हाताशी आहे त्यात काम भागवणारा माणूस. जमिनीखाली पंप बंद पडला, यंत्र अडकलं तर सुटा भाग यायची वाट बघत बसता येत नाही. ही सवय पुढे त्याला फार उपयोगी पडणार होती.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. कार्लिन ब्रिटिशांच्या इंडियन आर्मीच्या इंजिनिअर विभागात दाखल झाला. भारत, मध्यपूर्व, इटली अशा ठिकाणी त्यानं काम केलं आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला. युद्ध संपलं तेव्हा तो भारतात होता.

१९४६ साली तो बंगालमधल्या कलाईकुंडाच्या विमानतळावर होता. खरगपूरजवळचा हा तळ आजही भारतीय हवाई दलाकडे आहे. युद्ध संपल्यामुळे अशा तळांवर नको असलेल्या लष्करी सामानाचे ढीग पडलेले होते. त्यातच त्याला एक विचित्र गाडी दिसली. खालून होडी, चाकं जीपची. सोबत एक हवाई दलातला मित्र होता. ही गाडी घेऊन जगाची फेरी मारता येईल, असं कार्लिन सहज बोलून गेला. मित्रानं ते हसण्यावारी नेलं. कार्लिनच्या डोक्यातून मात्र ते गेलंच नाही.

ही गाडी होती तरी कसली?

गाडीचं नाव फोर्ड जीपीए. महायुद्धात जीप प्रचंड यशस्वी ठरली, तेव्हा अमेरिकी सैन्याला वाटलं की हीच जीप नद्या-नाले पोहून पार करू शकली तर किती बरं होईल. मग जीपचंच इंजिन, तेच चारही चाकांना ताकद देणारं गिअरिंग घेतलं आणि त्याभोवती पोलादी होडी बांधली. होडीचा आराखडा स्पार्कमन अँड स्टीफन्स या नामांकित कंपनीनं केला. ही कंपनी शर्यतीच्या यॉट डिझाइन करण्यासाठी प्रसिद्ध होती.

मागच्या बाजूला एक छोटा पंखा, म्हणजे प्रोपेलर. तो त्याच इंजिनावर फिरायचा. सुकाणू स्टीअरिंगलाच तारेनं जोडलेलं. आत शिरलेलं पाणी उपसायला पंप. पुढच्या बाजूला लाट अडवायला एक उचलता येणारी फळी. १९४२ आणि १९४३ मध्ये मिळून अशा १२ हजारांपेक्षा जास्त गाड्या बनल्या.

कागदावर सगळं झकास होतं, पण गाडी फसली.

कारण साधं होतं. सैन्यानं वजन ठरवलं होतं साधारण १,२०० किलो, गाडी तयार झाली १,६०० किलोच्या आसपास. वजन वाढलं, पण होडीचा आकार त्या प्रमाणात वाढवला नाही. आपण बादली पाण्यात ठेवून त्यात दगड टाकत गेलो की बादलीचा काठ पाण्याच्या जवळ येत जातो, तसंच. जीपीएचा काठ पाण्याच्या इतका जवळ होता की जरा मोठी लाट आली की पाणी आत. शांत नदीत, तळ्यात ती बरी चालायची, समुद्रात धोक्याची होती. शिवाय जमिनीवर ती साध्या जीपपेक्षा जड आणि अवजड. त्यामुळे १९४३ मध्येच उत्पादन थांबलं. बऱ्याच गाड्या मदत म्हणून सोव्हिएत रशियाला गेल्या. तिथं नद्या ओलांडायला त्या इतक्या आवडल्या की युद्धानंतर रशियानं त्याच धर्तीवर स्वतःची गाडी बनवली.

थोडक्यात, बनवणाऱ्यांच्याच मते जी गाडी समुद्रात न्यायच्या लायकीची नव्हती, तीच घेऊन कार्लिनला महासागर ओलांडायचा होता.

पाण्यातून जाणं वेगळं, पाण्यावर जाणं वेगळं

आजकाल थारसारख्या गाड्यांच्या काचेशेजारी उभा काळा पाइप दिसतो. त्याला स्नॉर्कल म्हणतात. इंजिनाला हवा लागते, ती उंचावरून मिळावी म्हणून तो असतो. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर काय होतं? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला पाणी अडवतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तिथंच संपलं.

पेट्रोल गाडीत दुसरा शत्रू म्हणजे ओली झालेली वायरिंग. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी शिरलं की ठिणगी पडत नाही आणि गाडी बंद. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल चालून चालून तापलेले असतात. ते अचानक थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांच्या अ‍ॅक्सलला श्वास घ्यायची नळी लावून ती वर नेतात. जुन्या जीपला खोल पाण्यासाठी तयार करायचं तर ही तीन कामं पहिली: हवा उंचावरून, वायरिंग कोरडी, अ‍ॅक्सलला नळी.

पण हे सगळं चाकं तळाला टेकलेली असतात तोपर्यंत. गाडी तरंगू लागली की खेळच बदलतो. आता चाकांची पकड उपयोगाची नाही, वजन कुठे आहे याला महत्त्व. जड भाग वर असेल तर गाडी कलंडणार. आणि जमिनीवर बंद पडली तर ढकलता येते, समुद्रात बंद पडली की आडवी होऊन लाटांच्या तोंडी जाते.

कार्लिनला या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत हव्या होत्या. महासागरात तरंगायचं आणि किनाऱ्यावर आल्यावर वाळूतून, डोंगरातून चालायचंही.

लिलावातली जीप आणि तिच्यावर चढवलेला संसार

१९४६ मध्ये लष्करातून सुटल्यावर कार्लिन अमेरिकेला गेला. सोबतीला होती एलिनॉर, त्याची अमेरिकन जोडीदार आणि बायको. वॉशिंग्टनमध्ये सरकारी लिलावात त्याला एक जीपीए मिळाली. साधारण साडेचार मीटर लांब आणि दीड मीटरपेक्षा थोडी जास्त रुंद. म्हणजे आजच्या सेडान गाडीएवढी लांबी. एवढ्या जागेत दोन माणसांनी महिनाभर राहायचं, झोपायचं, स्वयंपाक करायचा.

पहिलं काम होतं वरचं तोंड बंद करण्याचं. मूळ गाडी वरून उघडी होती. त्यावर त्यानं बंद केबिन चढवली, म्हणजे लाट आली तरी वरून वाहून जाईल. पुढे नाकाची लांबी वाढवली, सुकाणू सुधारलं. आत एका माणसाला कसंबसं आडवं होता येईल एवढी जागा ठेवली. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं झोपायचं.

पण केबिन बंद केली की नवा प्रश्न उभा राहिला. इंजिन आणि माणसं एकाच डब्यात. एक्झॉस्ट जरा गळका असला तरी कार्बन मोनॉक्साइड आत साठणार. या वायूला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. चाचण्यांच्या वेळी या धुरानं त्यांना चांगलाच इंगा दाखवला. पाण्यापासून वाचायला जो डबा बांधला, त्यातच गुदमरायची वेळ.

दुसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न पेट्रोलचा. जीपची मूळ टाकी साठ लीटरच्या आसपास. महासागरात पंप नाहीत. पेट्रोलच्या एका लीटरचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे हजार लीटर घेतलं तरी साडेसातशे किलो, गाडीच्या वजनाच्या जवळपास निम्मं. मुळातच जड झालेल्या गाडीत ते ठेवायचं कुठे?

कार्लिननं पेट्रोल गाडीच्या आत नाही, गाडीच्या बाहेर ठेवलं. एक टाकी पुढच्या नाकात, एक पोटाखाली. पोटाखालच्या टाकीनं जास्तीचं वजन खाली राहिलं, त्यामुळे गाडी कलंडायची भीती कमी झाली. आणि उरलेलं पेट्रोल एका वेगळ्या टाकीत भरून दोरीनं मागे ओढत न्यायचं ठरवलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे भरलेली टाकीसुद्धा तरंगते. वाचायला हुशारीची वाटणारी ही युक्ती प्रत्यक्षात लाटांमध्ये किती छळणार होती, हे त्याला लवकरच कळलं.

गाडीचं नाव ठेवलं हाफ-सेफ, म्हणजे अर्धी सुरक्षित. हे नाव त्यानं त्या काळी अमेरिकेत गाजलेल्या एका डिओडरंटच्या जाहिरातीतून उचललं होतं. अर्धवट सुरक्षित राहू नका, असा त्या जाहिरातीचा सूर होता. कार्लिननं नेमकं तेच राहायचं ठरवलं. स्वतःची चेष्टा करायची त्याची ही पद्धत होती.

फसलं, पुन्हा फसलं, पुन्हा निघाले

१९४७ च्या अखेरीपासून न्यूयॉर्कहून निघायचे प्रयत्न सुरू झाले. कधी धूर, कधी गळती, कधी यंत्रातला बिघाड. १९४८ च्या मोठ्या प्रयत्नात ते समुद्रात बरेच दूर गेले, पण प्रोपेलर फिरवणारी यंत्रणा निकामी झाली. इंजिन ठणठणीत, पण पंखाच फिरत नाही म्हटल्यावर गाडी म्हणजे लाटांवरचा डबा. दोघं तसेच वाहत राहिले. शेवटी एका तेलवाहू जहाजानं त्यांना गाडीसकट उचललं आणि कॅनडात मॉन्ट्रियलला नेऊन सोडलं.

कुणीही इथं थांबला असता. कार्लिननं मॉन्ट्रियललाच प्रवासाची सुरुवात मानलं. तिथून गाडी चालवत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सला गेला आणि पुन्हा तयारीला लागला.

हॅलिफॅक्सहूनही पहिले प्रयत्न फसले. मागून ओढायच्या टाकीनं जीव नकोसा केला. लाटेवर गाडी वर जाते तेव्हा टाकी खाली असते, गाडी खाली येते तेव्हा टाकी वर. दोरीला दर काही सेकंदाला हिसका. असे हजारो हिसके बसले की जाड दोरसुद्धा झिजतो, टाकीचे कोंडे ढिले होतात. टाकी गेली तर पेट्रोल गेलं, आणि पेट्रोल गेलं तर परत फिरण्याशिवाय इलाज नाही.

या सगळ्यात पैसा पाण्यासारखा वाहत होता. पाठीशी सरकार नाही, बडी कंपनी नाही. नोकरीधंदा सोडून दोघं एका जुन्या जीपमागे लागलेले. लोक हसत होते. वर एलिनॉरला समुद्र लागायचा. नुसता लागायचा नाही, प्रत्येक फेरीत ती आजारी पडायची. तरीही ती दरवेळी गाडीत बसली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कार्लिनचं वेड त्याचं स्वतःचं होतं. एलिनॉर ते वेड तिचं नसताना सोसत होती.

३२ दिवस, चालण्याच्या वेगानं

१९ जुलै १९५० ला दोघं हॅलिफॅक्सहून पुन्हा निघाले. समोर होती अझोरेस बेटं, पोर्तुगालची, अटलांटिकच्या मधोमध. अंतर साधारण २,७०० किलोमीटर.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे निवडली होती, कारण त्या पट्ट्यात वारे आणि प्रवाह साधारणपणे पूर्वेकडेच ढकलतात. तरीही अझोरेसमधलं फ्लोरेस बेट गाठायला ३२ दिवस लागले. हिशेब केला तर ताशी साडेतीन किलोमीटर. आपण बाजारात भाजी आणायला जातो त्याहूनही कमी वेग.

या ३२ दिवसांत जीपचं छोटं चार सिलिंडरचं इंजिन रात्रंदिवस चालायला हवं होतं. रस्त्यावर फिरायला बनलेलं हे इंजिन आठवडेच्या आठवडे एकाच वेगानं घरघरत होतं. प्लग काळे पडणार, सिलिंडरच्या डोक्यावर कार्बन साठणार, कार्ब्युरेटरमध्ये कचरा येणार, हे ठरलेलं. गॅरेज नाही, मेकॅनिक नाही. इंजिन बंद करून, गाडी लाटांवर हेलकावे खात असताना, हातात पाना घेऊन कार्लिननं हे सगळं करायचं. नट हातातून निसटला तर तो खाली कुठे जाईल आणि सापडेल की नाही, याची खात्री नाही.

दुसरीकडे दिशा शोधायची, रेडिओवर संपर्क ठेवायचा, आत आलेलं पाणी उपसायचं. इंजिनाची उष्णता, पेट्रोलचा वास, दमटपणा. आणि एलिनॉरचं उलट्यांनी झालेलं हाल.

फ्लोरेस दिसलं तेव्हा एका अशक्य वाटणाऱ्या गोष्टीचा अर्धा भाग पुरा झाला होता. पण उरलेला अर्धा काही कमी नव्हता. अझोरेसहून मदेरा बेटांकडे जाताना वादळानं त्यांना गाठलं. मूळ जीपीए अशा समुद्रात काही मिनिटांत बुडाली असती. ही टिकली ती वरच्या बंद केबिनमुळे आणि खाली ठेवलेल्या वजनामुळे. फेब्रुवारी १९५१ मध्ये हाफ-सेफची चाकं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. जागा होती केप जुबी, आजच्या मोरोक्कोत, त्या वेळी स्पेनच्या ताब्यात.

मग प्रोपेलरचं काम थांबलं आणि चारही चाकांचं सुरू झालं. हेच या गाडीचं वैशिष्ट्य. होडी असती तर किनाऱ्यावर बांधून ठेवावी लागली असती. ही गाडी वाळवंटाच्या कडेनं उत्तरेला चालत निघाली. जिब्राल्टरच्या भागातून ती पाण्यातून युरोपात आली आणि २४ ऑगस्ट १९५१ ला इंग्लिश खाडीही ओलांडली. अटलांटिकची मोहीम फत्ते झाली.

कर्ज, पुस्तक आणि पुन्हा रस्ता

पेपरात फोटो आले, लोकांनी कौतुक केलं. पण कौतुकानं पेट्रोल भरता येत नाही. दोघं इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहिले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं पत्रा खाल्ला होता, यंत्रं झिजली होती. गाडीची दुरुस्ती करायची आणि पुढच्या प्रवासासाठी पैसे जमवायचे, यात काही वर्षं गेली. या काळात कार्लिननं अटलांटिकच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ते १९५५ साली हाफ-सेफ याच नावानं प्रसिद्ध झालं.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर ते पुन्हा निघाले. युरोप, मध्यपूर्व असा लांबचा पल्ला रस्त्यानं मारत हाफ-सेफ भारतात आली आणि थेट कलकत्त्याला पोचली. जिथून हे खूळ सुरू झालं ते कलाईकुंडा तिथून फार लांब नाही. दहा वर्षांपूर्वी लष्कराच्या अडगळीत जी कल्पना सुचली, ती आता चार चाकांवर उभी राहून बंगालमध्ये परत आली होती.

पण कलकत्त्यानंच कार्लिनच्या आयुष्याला वेगळं वळणही दिलं. पैशासाठी ऑस्ट्रेलियाला एक फेरी झाली आणि त्यानंतर एलिनॉर अमेरिकेला परत गेली. ती पुन्हा हाफ-सेफमध्ये बसली नाही. पुढे दोघं वेगळे झाले.

याला कुणी तिचं थकणं म्हणेल, पण हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. अटलांटिकसारखा सगळ्यात भीतीदायक टप्पा तिनं पार केला होता, तोही समुद्र लागत असताना. लग्नाची सगळी वर्षं एका डब्यात किंवा त्या डब्याच्या दुरुस्तीत गेली होती. जगप्रदक्षिणेची नोंद कार्लिनच्या नावावर आहे, पण त्या नोंदीचा मोठा भाग एलिनॉरनं उचललेला आहे.

धुकं, थंडी आणि मध्ये रशिया

कार्लिन थांबला नाही. नवे साथीदार घेऊन तो ब्रह्मदेश, आग्नेय आशिया, मग पूर्व आशिया करत जपानला पोचला. स्वभावानं माणूस तापट आणि हट्टी, त्यात जागा एवढीशी. त्याच्याबरोबर आठवडेच्या आठवडे राहणं सोपं नव्हतं. आता समोर शेवटचं मोठं संकट होतं, उत्तर प्रशांत महासागर.

नकाशा बघितला तर जपानच्या उत्तरेला कुरील बेटांची रांग दिसते. एकेक बेट करत जायला ती सोयीची वाटते. पण कुरील बेटं सोव्हिएत रशियाच्या ताब्यात होती आणि तो काळ शीतयुद्धाचा. अमेरिकी लष्कराची जुनी जीप घेऊन तिथं उतरायचं म्हणजे हेरगिरीच्या आरोपाला आमंत्रण. त्यामुळे ती बेटं टाळून थेट अलास्काच्या अल्यूशियन बेटांपर्यंत जायचं होतं. पाणी गोठवणारं, धुकं दिवसेंदिवस न हटणारं.

या टप्प्यावर त्याच्यासोबत होता बोये दे मेंते, जपानमध्ये काम करणारा अमेरिकी पत्रकार. पुढे जपानी संस्कृतीवर त्यानं ढीगभर पुस्तकं लिहिली आणि या प्रवासावरही एक लिहिलं. १९५७ मध्ये दोघं टोकियोहून निघाले. जपानच्या उत्तर टोकावरून समुद्रात शिरायचे काही प्रयत्न फसले, पण शेवटी अल्यूशियन साखळीतलं शेम्या बेट लागलं. तिथून बेटांच्या कडेकडेनं ते अलास्कातल्या अँकरेजला पोचले. 

आता उरला होता फक्त रस्ता. कार्लिन अमेरिका आणि कॅनडा फिरत फिरत ८ मे १९५८ ला मॉन्ट्रियलला पोचला. जिथं दहा वर्षांपूर्वी एका तेलवाहू जहाजानं त्याला हरलेला माणूस म्हणून आणून सोडलं होतं, तिथंच फेरी पूर्ण झाली. जमिनीवरून साठ हजारांपेक्षा जास्त किलोमीटर, पाण्यातून पंधरा हजारांपेक्षा जास्त. निघताना तो पस्तिशीत होता, आता पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

मग पुढे काय झालं?

गोष्ट सिनेमातली असती तर इथं ढोल-ताशे वाजले असते. प्रत्यक्षात तसं झालं नाही. ज्या काळात कार्लिन प्रशांत महासागर ओलांडत होता, त्याच १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक अवकाशात सोडला. जगाच्या नजरा वर लागल्या होत्या. जुन्या जीपमधून पृथ्वीला फेरी मारणाऱ्या माणसाची बातमी मागे पडली. त्याला अपेक्षित असलेली श्रीमंती कधी आली नाही.

पुढे तो आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलियात परतला. ७ मार्च १९८१ ला पर्थमध्ये त्याचं निधन झालं, वयाच्या ६८ व्या वर्षी. प्रवासाच्या उत्तरार्धावर लिहिलेलं त्याचं दुसरं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये बाहेर आलं. ते काढलं त्याच्या शाळेशी जोडलेल्या संस्थेनं. हाफ-सेफसुद्धा पुढे त्याच गिल्डफर्ड ग्रामर शाळेनं मिळवली. ती आजही तिथं ठेवलेली आहे.

कार्लिननं काही नवा शोध लावला नाही. त्याच्या गाडीतलं इंजिन जीपचं, होडी लष्करानं नाकारलेली, टाक्या साध्या पत्र्याच्या. त्यानं एवढंच केलं की त्या गाडीचा प्रत्येक दोष एकेक करून शोधला. काठ कमी उंचीचा होता, केबिन बांधली. वजन वर जात होतं, टाकी पोटाखाली नेली. जागा नव्हती, पेट्रोल मागून ओढलं. प्रोपेलरची यंत्रणा मोडली, परत येऊन दुरुस्त केली. प्रत्येक उपायानं नवा प्रश्न उभा केला आणि तो सोडवायला त्यानं पुन्हा पाना हातात घेतला.

त्या बदल्यात त्यानं दहा वर्षं, होता नव्हता तो पैसा आणि संसार दिला. सौदा परवडला का, याचं उत्तर त्याचं त्यालाच माहीत. पण लष्करानं समुद्रासाठी निकामी ठरवलेली ती जीप दोन महासागर ओलांडून आली, ही गोष्ट मात्र आजही पर्थच्या त्या शाळेत जाऊन कुणालाही डोळ्यांनी बघता येते.